कपाटाची भिंतीकडची बाजू

लोणावळ्यातले निम्मे बंगले ह्यांच्या हाताखालून गेले होते. खिडक्या, दारं, लोखंडी फाटकं, पत्र्याच्या पन्हळी, इतकंच काय, कुठल्याशा शेटच्या बागेतला झोपाळासुद्धा. रंगवायचं राहिलं होतं ते फक्त आमचं स्वयंपाकघर. ‘हे’ म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची पद्धत आम्हां मुसलमानांच्या घरांतही नव्हती. आता म्हातारपणी लिहायला बसले तरी ते नाव कागदावर उतरत नाही, म्हणून हेच म्हणते.

आमच्या स्वयंपाकघरात दोन कपाटं होती. एक भिंतीत बसवलेलं फडताळ आणि दुसरं चार पायांचं जाळीचं कपाट. जाळीचं कपाट एका बंगल्यातून टाकून दिलेलं ह्यांनी डोक्यावर घेऊन आणलं होतं. सागवानी होतं, पण चुलीच्या धुराने इतकं काळं पडलं होतं की लाकूड कुठे संपतं आणि लोखंडी जाळी कुठे सुरू होते ते हाताने चाचपावं लागे. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या पायांखाली मी पाण्याच्या चार वाट्या ठेवत असे. पावसाळ्याचे चार महिने दमटपणा असा की लाकूड फुगायचं आणि दार लागायचं नाही. मी सुतळीने बांधून ठेवायची.

“जगाची दारं चकचकीत, आणि माझ्या दाराला सुतळी,” हे मी दर दिवाळीला ऐकवत असे. ते हसायचे. “यंदा नक्की,” म्हणायचे. मी जिभेची तिखट, लहानपणापासूनच. मराठी चौथी शिकलेली, त्यामुळे भांडायला शब्द कमी पडत नसत.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चारपाच वर्षं आधी ह्यांचा उजवा हात उतरू लागला.

दुखत नसे, सुजला नव्हता. फक्त मनगट खाली लोंबायचं. मूठ वळे, पण मनगट वर उचललं जाईना. सुरुवातीला सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागायचा. मग चहाची कपबशी उचलताना डावा हात खालून आधाराला यायला लागला. आमच्यात उजव्या हातानेच जेवायचं, तर हे घास तोंडाकडे नेण्याऐवजी तोंडच ताटाकडे नेऊ लागले. निर्गुडीचा शेक दिला, तेल चोळलं, दर्ग्यावरून ताईत आणून दंडाला बांधला. पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं की रंगातलं शिसं अंगात भिनतं आणि रंगाऱ्यांचे हात असेच जातात. सफेदा, शेंदूर, सगळ्यांत ते असायचं. आम्हांला काय ठाऊक! हे बंगल्यावर रंगाच्या हातांनीच भाकरी मोडून खायचे.

हात गेला असं आमच्या घरात कुणी म्हणत नव्हतं. “मुरगळलाय,” असं हे म्हणायचे, आणि मीही विचारणाऱ्याला तेच सांगत असे. खरं सांगायचं तर मला दिसत होतं, पण मी बघत नव्हते.

बंगल्यांची कामं दिवाळीनंतर सुरू होत आणि मुंबईची मंडळी उन्हाळ्यात राहायला येण्याआधी ती संपवावी लागत. कामं वाटणारा ठेकेदार खंडाळ्याचा होता, मोठा रोखठोक माणूस. खिडकीच्या चौकटीवर बारीक पिवळी रेघ मारायची असली की तो दुसऱ्या कुणाला बोलवत नसे, कारण ह्यांची रेघ सुताराच्या पट्टीला लाजवेल अशी यायची. कोपऱ्यावर इतर रंगारी ब्रश उचलतात आणि नव्याने टेकवतात. हे उचलत नसत. श्वास धरून रेघ वळवत पुढे नेत, आणि कोपऱ्यात भाताच्या दाण्याएवढी गोलाई सोडत. त्या गोलाईवरून बंगला कुणी रंगवलाय ते बाजारात लोक ओळखायचे.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली तरी ठेकेदाराचं बोलावणं आलं नाही. मग एके दिवशी हे मशिदीतून परत येत असताना तो रस्त्यात भेटला आणि म्हणाला, “हातासंबंधी ऐकतोय ते खरं आहे का?”

“मुरगळला होता. आता बरा आहे.”

“मग काय करताय सध्या?”

“घरची कपाटं रंगवतोय,” हे म्हणाले. तोवर कपाटाला बोटही लावलेलं नव्हतं.

“वा! मग शुक्रवारी चहाला येतो. कपाटंही बघतो आणि हातही बघतो.”

घरी येऊन त्यांनी हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं. शुक्रवारला सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत दोन्ही कपाटं हिरवीगार होऊन त्यांच्यावर पिवळी रेघ उमटली, तर मोठ्या बंगल्याचं काम आमचं. नाही तर हा रंगारी संपला, असं खंडाळ्यापासून सोमाटण्यापर्यंत आठवड्याभरात झालं असतं. मला भीती वाटायच्या ऐवजी हुरूप आला. पदर खोचून मी दोन्ही कपाटं रिकामी केली, सोड्याच्या पाण्याने धुतली आणि त्यांच्याबरोबर काचकागदाने घासायला बसले. धुराची पुटं निघत गेली. खाली सागवानाचा मधाळ रंग दिसू लागला.

पहिला हात अस्तराचा. लाकूड दमट हवेत टिकावं आणि जाळी गंजू नये म्हणून हे अळशीच्या तेलात शेंदूर कालवून लावायचे. रंगाऱ्याचा शेंदूर आणि देवाला फासतात तो शेंदूर, वस्तू एकच. हा हात सोपा. रुंद ब्रश, वर-खाली फिरवायचा, चुकलं तरी दुसऱ्या रंगाखाली झाकलं जातं. त्यांनी ब्रश दोन्ही हातांनी धरून दोन दिवसांत दोन्ही कपाटं बाहेरून शेंदरी केली. आतून रंग द्यायचा नाही असं मीच बजावलं होतं. लाल झालेली कपाटं पाहून मी इतकी खूश झाले की त्या दिवशी खीर केली. “बघा, हात चालतोय की,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि खिरीच्या वाटीवर तोंड नेलं.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. ती कुसगावची कुणब्याची बाई. रोज सकाळी डोक्यावर दुधाची चरवी घेऊन चालत यायची आणि आमच्या आळीतल्या पाच-सहा घरांना दूध घालायची. ह्यांच्यापेक्षा वयाने बरीच मोठी. आमच्या मागच्या दाराशी ती उभी राहायची, दूध वरून ओतायची आणि तिथेच दोन शब्द बोलायची. तिने आमचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, आमच्याकडचं पाणी घेतलं नव्हतं. त्या काळी तसंच होतं, आणि मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. माझ्या बाळंतपणात तीच उंबऱ्याबाहेर बसून मला डिंकाचे लाडू कसे वळायचे ते सांगत होती.

बुधवारी सकाळी शेंदूर हाताला लागेनासा झाला. हे हिरव्या रंगाचा डबा उघडत होते. मी पाणी आणायला विहिरीवर गेले. परत आले तर मागच्या दाराबाहेर मावशीच्या वहाणा आणि त्यांच्याशेजारी चरवी. आत पाहिलं तर मावशी माझ्या स्वयंपाकघरात, जाळीच्या कपाटासमोर हात जोडून उभी! हे पाटावर बसलेले. हिरव्या डब्याचं झाकण लावलेलं. आणि कपाट जागेवर नव्हतं. ते चुलीसमोरून पार कोपऱ्यात सरकवलेलं, भिंतीला चिकटवलेलं, वाट्यांमधलं पाणी जमिनीभर सांडलेलं.

“काय झालं?” मी विचारलं.

मावशी माझ्याकडे वळली. “पोरी, ह्याला शेंदूर लागलाय. आता ह्याच्यावर दुसरा रंग चढवायचा न्हाई. आमच्यात चालत न्हाई त्ये. शेंदूर लागला की देव झाला. म्हनून चुलीपासनं कोपऱ्यात सारलाय.”

“देव? अहो मावशी, ते कपाट आहे. त्यात मी कांदे ठेवते!”

“कांदे ठिव, बटाटे ठिव. पन दोनीवरबी रंग नगं.” मग ती ह्यांना म्हणाली, “भाऊ, तुमी मला शब्द द्या.”

मला वाटलं हे हसतील, समजावतील. ते मान खाली घालून म्हणाले, “दिला, मावशी.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवसांवर शुक्रवार. ह्या एका कामावर माझ्या नवऱ्याची अब्रू टांगलेली, आणि ही दूधवाली माझ्या घरात येऊन, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा उंबरा ओलांडून, मला माझं कपाट रंगवू देत नाही! मी घागर आपटली. जे बोलले ते आजही आठवलं की मान वर होत नाही. मी म्हणाले, “आमच्या घरचं पाणी तुम्हांला चालत नाही, आणि तुमचा देव मात्र आमच्या घरात बसवता? घेऊन जा त्याला. उद्यापासून तुमचं दूध नको.”

मावशीने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, बाहेर जाऊन वहाणा घातल्या, चरवी डोक्यावर घेतली आणि गेली.

मी ह्यांच्यामागे लागले. “रंगवा,” मी म्हणाले, “तिला कोण सांगायला जातंय?” शेवटी रडले. ते एवढंच म्हणाले, “मोठ्या बाईला शब्द दिलाय.” त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शुक्रवारी ठेकेदार आला. चहा घेतला, दोन्ही लाल कपाटांकडे बघत राहिला. ह्यांनी त्याला मावशीची हकीकत सांगितली. मी पडद्याआड उभी राहून ऐकत होते आणि दात-ओठ खात होते. मला वाटलं, आता हा म्हणणार की ही सगळी सबब आहे. पण ठेकेदार मावशीच्याच समाजातला, त्याचाही हात नकळत छातीशी गेला. “शब्द पाळलात ते बरं केलंत,” तो म्हणाला. मग हे शांतपणे म्हणाले, “मोठ्या बंगल्याचं काम मात्र दुसऱ्याला द्या. शिडी आता नको वाटते. रंग मी कालवून देतो. छटा चुकली तर मला विचारा.”

ठेकेदाराने जरा विचार केला आणि कबूल झाला. ह्यांच्यासारखी छटा कुणाला जमत नसे, हे त्यालाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून रंगारी आमच्या अंगणात येऊ लागले. हे खाटेवर बसून नुसते सांगायचे, तेल एवढं, सफेदा तेवढा, निळ्याचं बोट लाव, अजून लाव, बस. त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणू लागले. हात गेला म्हणून काम सुटलं, असं लोणावळ्यात कुणी कधी म्हटलं नाही. एका मुसलमान रंगाऱ्याने कुसगावच्या बाईच्या शब्दाखातर कपाट अर्धवट ठेवलं, एवढीच गोष्ट बाजारात फिरली, आणि तीही कौतुकाने.

माझा राग मात्र गेला नाही. मला वाटे, ती बाई मध्ये आली नसती तर त्यांनी कपाट पुरं केलं असतं, आणि कपाट पुरं झालं असतं तर हातही परत आला असता. असला वेडा हिशेब मी मनाशी धरून बसले होते. दूध मी दुसरीकडून घेऊ लागले. मावशी आळीत यायची, आमच्या दारावरून जायची, आणि जाताना आमच्या घराकडे बघून हात जोडायची. मला वाटायचं, चिडवते आहे. मी दार लोटून घ्यायची.

युद्धाच्या मधल्या वर्षांत हे गेले. पोटात कळा यायच्या, अन्न चालेना. मयतीच्या दिवशी मावशी आली होती. मागच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून, एकटी बसून रडत होती. मी तिच्याशी बोलले नाही.

त्यानंतर साधारण वर्षाने तिचा मुलगा निरोप घेऊन आला. म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, एकदा भेटायला या म्हणते. जावं की नाही ह्यात मी दोन दिवस घालवले. माझ्या मुलीने मला चांगलंच सुनावलं, तेव्हा कुरकुरत निघाले.

कुसगावात तिचं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. साधं कौलारू घर, पण दार रंगवलेलं. निळं. पावसाने निळ्याचे पोपडे सुटले होते, आणि प्रत्येक पोपड्याखाली शेंदूर. लालभडक, जसा आमच्या कपाटावर होता तसा. मी तिथेच थबकले. दाराच्या चौकटीवर पिवळी रेघ होती. कोपऱ्यावर ब्रश उचललेला नव्हता. भाताच्या दाण्याएवढी गोलाई.

मी हात लावून पाहिला. मला आत कुणी बोलवत होतं ते ऐकूच आलं नाही.

मावशी गोधडीत मावेल एवढीशी झाली होती. मी तिच्याजवळ बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “मावशी, तुमचं दार कुणी रंगवलं?”

“तुज्या मालकांनी. माज्या थोरल्याच्या लग्नात. तुजं लगीन व्हायच्या आधी. बंगल्याचा उरलेला रंग आनला हुता त्यांनी. आदी शेंदूर लावला, मग निळा.”

“मग शेंदरावर दुसरा रंग चढत नाही, हे...”

ती जरा हसली. “चढतोय की. तुला दिसला न्हाई व्हय?”

तिने माझा हात धरला आणि सांगू लागली. “त्या दिवशी मी दूध घालाया आले. तू इहिरीवर गेलतीस. त्यांनी ब्रश मनगटाला सुतळीनं बांदला हुता. कपाटाच्या बाजूवर वडत हुते. हात खाली खाली जायाचा. मग ब्रश सुटला, डबा कलंडाया लागला. मी धावले, डबा धरला. तवा कळलं, मी तुज्या चुलीपाशी उभी हाय.”

“मग?”

“त्ये रडत हुते, पोरी. म्हनले, मावशी, तिनं हे बगाया नगं. शुक्रवारी त्यो मानूस यील, त्यानंबी बगाया नगं. त्ये अंगठ्यानं पुसाया गेले तर खालचा शेंदूरबी उठाया लागला. मग आमी दोगांनी कपाट सरकवलं अन् ती बाजू भितीला लावली. तेवड्यात तुज्या पायाचा आवाज आला. मला जे सुचलं त्ये मी बोलले.”

“आणि मी तुम्हांला इतकं बोलले, ते का ऐकून घेतलंत? नंतर तरी सांगायचं.”

“सांगितलं आसतं तर तू त्यांच्या हाताकडं बगितलं आसतंस. माज्यावर रागावलीस, त्ये बरं झालं. तुला कुनावर तरी रागवायचंच हुतं.”

मी रडले. तिच्यासमोर, तिच्या सुनेसमोर, मोठ्याने रडले. मला लाज वाटत होती आणि त्यापेक्षा जास्त ह्यांचा राग येत होता, की सगळी वर्षं ते माझ्यासमोर बसून जेवले आणि ह्या बाईवरचा माझा राग त्यांनी मुकाट ऐकून घेतला. मग सुनेने पाणी आणलं. मावशीने तांब्या स्वतः धरायचा प्रयत्न केला, पण तो तिला पेलेना. मी तिच्या हातांखाली हात धरला आणि आम्ही दोघी त्याच तांब्यातलं पाणी प्यालो. त्यानंतर ती आठ-दहा दिवस जगली.

कुसगावाहून घरी आले तेव्हा दुपार कलली होती. घरात कुणी नव्हतं. मी जाळीच्या कपाटातली भांडी काढून खाली ठेवली, वाट्या बाजूला केल्या आणि खांदा लावून कपाट कोपऱ्यातून ओढलं. दहा वर्षांत ते हललं नव्हतं. भिंतीवर त्याचा आकार उमटला होता.

भिंतीकडच्या बाजूवर हिरवा पट्टा होता. वर एक वीतभर सरळ, त्यांच्या पहिल्या दिवसांसारखा सरळ. मग तो खाली घसरायला लागला होता. घसरत, वाकडा होत, मध्ये एकदा वर चढायचा प्रयत्न करून पुन्हा खाली आला होता, आणि कडेपाशी पोचण्याआधीच तुटला होता. तिथे अंगठ्याने पुसल्याची खूण होती. अंगठ्याच्या रेषासुद्धा रंगात वाळून राहिल्या होत्या.

मी त्या खुणेवर माझा अंगठा ठेवला. मग उठले, कपाट होतं तिथे, ती बाजू भिंतीला लावून, परत सरकवलं. वाट्या ठेवल्या, पाणी ओतलं, भांडी लावली. कपाट अजून घरात आहे आणि अजून लालच आहे. नातसुना विचारतात, हे असं अर्धवट का रंगवलंय? मी त्यांना सांगते, कुसगावच्या एका मावशीने शेंदरावर दुसरा रंग चढवू दिला नाही.